हँडब्रेक खाली, तरी लाल दिवा चालूच: कुठून बघायला सुरुवात करायची

कुंभार्ली घाट चढताना माझ्या गाडीचा तो लाल दिवा पहिल्यांदा लुकलुकला. चिपळूणहून कऱ्हाडला निघाले होते. गाडी सेकंडहँड, माझ्याकडे येऊन जेमतेम पाच महिने झालेले, शेजारच्या सीटवर आई. गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, असं ते चिन्ह. वळण आलं की लागायचं, रस्ता सरळ झाला की विझायचं. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक पंधरा-वीस वेळा वर-खाली केला. आई म्हणाली, "नीट खाली बसलाय ना गं?" बसला होता. दिवा विझला, आम्ही पुढे निघालो, आणि पुढच्याच वळणाला तो परत हजर.

कऱ्हाडच्या एका गॅरेजमध्ये सांगितलं, "हँडब्रेकची केबल गेलीय." बदलली. मजुरी धरून अठराशे रुपये. दिवा गेला. दोन महिन्यांनी परत आला, आणि या वेळी विझेचना. तेव्हा आमच्या आळीतल्या, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या काकांना बोलावलं. त्यांनी हँडब्रेककडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बॉनेट उघड," म्हणाले. "ब्रेक ऑइल बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. ते कुठे असतं हेही मला माहीत नव्हतं. डाव्या मागच्या चाकातला सिलिंडर गळत होता. कऱ्हाडच्या बिलात शेवटच्या ओळीत "ब्रेक ऑइल टॉपअप" लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. पहिल्या वेळी दिवा विझला तो त्या टॉपअपमुळे. केबल धडधाकट होती.

हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांनी नुकती गाडी घेतली आहे आणि ज्यांना बॉनेटची खिट्टी शोधायलाच दहा मिनिटं लागतात.

आधी एक गोष्ट समजून घ्या

बहुतेक गाड्यांत या एकाच दिव्यावर निदान दोन वायरी येऊन मिळतात. एक हँडब्रेकच्या दांड्याखालच्या स्विचकडून, दुसरी ब्रेक ऑइलच्या टाकीतल्या स्विचकडून. दोघांपैकी कोणीही वायर बॉडीला अर्थ केली, म्हणजे गाडीच्या धातूला जोडली, की दिवा लागतो. दिव्याला स्वतःला कळत नाही की बोलावणं कोणाचं आहे. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत तिसरंही कारण असतं: पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बिघडली की हाच दिवा लागतो, आणि तेव्हा सहसा सोबत पिवळा एबीएसचा दिवाही पेटलेला असतो.

यांत गंमत अशी की साध्या दांड्याच्या हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑइलचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हँडब्रेक केबलने मागची चाकं धरतो, पायाचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. दोन वेगळ्या यंत्रणांना एकच दिवा दिलाय, आणि त्याला आपण सगळे "हँडब्रेकचा दिवा" म्हणतो. घोळ त्या नावातच आहे. म्हणून पहिला शोध ऑइलचा. हँडब्रेक नंतर.

हाताशी काय हवं

टॉर्च (मोबाइलचा चालेल), स्वच्छ सुती फडकं, जुना टूथब्रश, दोन विटा किंवा मोठे दगड, गाडीचं ओनर्स मॅन्युअल. मल्टिमीटर असला तर उत्तम; हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधासुधाही पुरतो. दहा आणि बारा नंबरचे पाने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर लागू शकतो. मॅन्युअल हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच वर्षाचं घ्या, कारण फ्यूज आणि दिव्यांची जागा मधेच बदललेली असते.

१. गाडी थांबवा आणि पेडल काय सांगतंय ते ऐका

चालत्या गाडीत दिवा लागला तर आधी सुरक्षित जागी बाजूला घ्या. घाटात असाल तर खालच्या गिअरमध्ये वेग मोडत या. नुसत्या ब्रेकवर विसंबू नका.

थांबल्यावर इंजिन बंद करा आणि ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. मग जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. तीन शक्यता:

पेडल दगडासारखं जागच्या जागी राहिलं, तर ऑइलचा दाब टिकतोय. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलंत की पेडल किंचित खाली जाईल. ते बरोबर आहे, घाबरू नका. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, काम करतोय एवढाच त्याचा अर्थ.

पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर ऑइल कुठून तरी निसटतंय, बाहेर तरी किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या भागाच्या) आतल्या आत तरी. गाडी तिथेच ठेवा.

पेडल स्पंजसारखं लागलं, दोन-तीनदा दाबल्यावर जरा वर आलं, तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे. हीसुद्धा चालवायची गाडी नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात "हळू हळू नेतो गॅरेजपर्यंत" हा विचार सोडा. आणि दोरी बांधून टोचनही नको. टोचनमध्ये मागच्या गाडीला ब्रेक मारता आला पाहिजे, आणि इथे नेमका तोच नाही. विम्याच्या कागदात रोडसाइड असिस्टन्सचा नंबर असतो का ते बघा आणि गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रक मागवा.

चालत्या गाडीत पेडल एकदम आत गेलं तर? भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, आणि हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवून दांडा हळूहळू ओढा. बटण सोडून एकदम खेचलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

२. दिवा कधी लागतो ते टिपून ठेवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्मं निदान इथेच होतं.

वळणावर, चढ-उतारावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकतो: ऑइल कमी झालंय. टाकीत ऑइल एका बाजूला कलतं, आतला तरंगता गोळा क्षणभर खाली येतो आणि दिवा लागतो. माझ्या गाडीने कुंभार्लीत हेच तर सांगितलं होतं.

खड्ड्यावर किंवा स्पीडब्रेकरवर लुकलुकतो, सपाट गुळगुळीत रस्त्यावर नाही: हँडब्रेकचा स्विच किंवा त्याची वायर.

दांडा वरच्या दिशेने जरा ओढला किंवा पायाने खाली दाबला की बदलतो: स्विचच.

गाडी धुतल्यावर किंवा धुवांधार पावसात लागला, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर गेला: कुठल्यातरी कपलरमध्ये (वायरींच्या प्लॅस्टिकच्या जोडात) पाणी.

उतारावर पार्क केली की लागतो, सपाटीवर नाही: ऑइल काठावर आलंय, टाकीवरच्या मिनच्या (कमीत कमी पातळीच्या) रेघेशी.

सोबत बॅटरीचा दिवाही लागला: काही जुन्या जपानी घडणीच्या गाड्यांत अल्टरनेटर बिघडला की ब्रेकचा आणि बॅटरीचा असे दोन्ही दिवे मंद उजळतात. अशा वेळी ब्रेक उघडून बसण्याआधी चार्जिंग तपासून घ्या.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी बऱ्याच गाड्यांत हा दिवा काही सेकंद लागतोच. ती दिव्याची स्वतःची चाचणी असते. नवशिके त्यालाच बिघाड समजतात. उलट तो कधीच लागत नसेल तर ती काळजीची गोष्ट, त्याबद्दल शेवटी.

३. बॉनेट उघडा, ब्रेक ऑइल बघा

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, पहिल्या गिअरमध्ये, चाकाला वीट. बॉनेटखाली, सहसा ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या दिशेने मागे एक पांढुरकी प्लॅस्टिकची छोटी टाकी दिसेल. तिच्या टोपणावर किंवा जवळ डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. कूलंटची आणि वायपरच्या पाण्याची टाकी वेगळी, त्यांच्यात गल्लत करू नका. एका ओळखीच्या मुलाने ब्रेक ऑइलच्या टाकीत वायपरचं पाणी ओतलं होतं. त्याला मास्टर सिलिंडरसकट बरंच काही बदलावं लागलं.

टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. मागून टॉर्च धरली की आतली पातळी दिसते. टाकी मळलेली असेल तर आधी बाहेरून पुसा. टोपण उघडायची गरज नाही. उघडायचंच झालं तर भोवतालची धूळ आधी साफ करा. या तेलात रेतीचा एक कण गेला तरी सीलवर चरा पडू शकतो.

रंगही बघा. नवं ऑइल फिक्या मधासारखं असतं. काकवीसारखं काळपट दिसलं तर ते बदलायचं राहून गेलंय. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावं लागतं. डॉट ४ चं कोरडं ऑइल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी मुरलेल्यासाठी तोच आकडा १५५ वर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक मारून चाकं तापली की पाणी मुरलेलं ऑइल आत उकळतं, बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. कोकणातल्या हवेत राहणाऱ्यांनी हे दोन वर्षांचं वेळापत्रक मनावर घ्यावं.

४. ऑइल कमी निघालं तर

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे, आणि मी त्यात पडले होते: वर ऑइल ओतून मोकळं होणं.

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. ऑइल उडून जात नाही, जळत नाही. ते कमी झालं तर कारण दोनच: एक तर पॅड (चाकाच्या डिस्कला, म्हणजे तबकडीला, घासून ब्रेक लावणारे) झिजले, नाहीतर गळतंय.

पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन थोडा बाहेर येतो, त्याच्या मागे जागा होते आणि ती जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली उतरतं. हे अगदी संथपणे, हजारो किलोमीटर चालल्यावर होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या फटीतून टॉर्च मारलीत तर पुढचे पॅड दिसतात. डिस्कला घासणारा थर नवा असताना साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, तीनवर आला की बदलायची वेळ. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जिभली असते, ती डिस्कला लागून ब्रेक मारताना चिरका आवाज करते. तो आवाज आणि हा दिवा एकत्र आले तर उत्तर हाताशी आलं.

अशा वेळी ऑइल मॅक्सपर्यंत भरू नका. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलतात, ऑइल टाकीत परत येतं आणि भरलेली टाकी उतू जाते. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटखालच्या पत्र्यावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसून भागत नाही.

पातळी आठवड्या-पंधरवड्यात खाली आली, किंवा पॅड चांगले असूनही खाली आली, तर गळती शोधायची. गाडीखाली शिरायची गरज नाही. जॅकवर उभ्या गाडीखाली तर अजिबात नाही. एवढ्या जागा बाहेरून बघता येतात:

चारही चाकांची आतली बाजू. टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा ड्रमच्या (चाकातल्या ब्रेकच्या गोल डब्याच्या) मागच्या पत्र्यावर ओलसर, धूळ चिकटलेला डाग. माझ्या गाडीचा डाग काकांनी गुडघ्यावर बसून, टॉर्चने, एका मिनिटात दाखवला. मी रोज त्याच चाकाशेजारून चालत होते. एसीचं पाणी आणि हे ऑइल यांत फरक कळत नसेल तर बोटाने चोळून बघा: पाणी सुकतं, ऑइल निसरडं राहतं. हात लगेच धुवा, डोळ्यांना लावू नका.

मास्टर सिलिंडर. टाकीच्या खाली, बूस्टरला जिथे जोडलेला असतो तिथला सांधा ओला किंवा रंग पोपडल्यासारखा दिसतोय का.

क्लच. बऱ्याच गाड्यांत क्लचही ऑइलवर चालतो आणि त्याचं ऑइल याच टाकीतून येतं. क्लचची नळी टाकीच्या जरा वरच्या भागातून निघते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहतं. दिवा लागला आणि गिअर पडायला त्रास होतोय, तर क्लच पेडलच्या मुळाशी पायपुसणं ओलं आहे का तेही बघा. क्लच केबलचा असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

चाकाचा सिलिंडर, कॅलिपर, नळी, मास्टर सिलिंडर, यांतलं काहीही घरी करू नका. ते काम झाल्यावर हवा काढावी लागते आणि ती अर्धवट राहिली तर पहिल्या चौकात कळतं.

गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं ऑइल घालायचंच असेल, आणि पेडल कडक असेल, तर टोपणावर लिहिलेलंच घ्या, सीलबंद बाटलीतलं. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नका, तिने आतापर्यंत ओल ओढलेली असते. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल तर कधीच नाही: त्याने आतली रबरी सीलं फुगतात आणि मग सगळी यंत्रणा उघडून सगळी रबरं बदलावी लागतात.

५. ऑइल पुरेसं आहे? मग आता हँडब्रेक

आधी साधं बघा. दांडा खरोखर शेवटपर्यंत खाली जातोय का. दांड्याच्या खाचेत काय काय पडतं याची यादी मी स्वतःच्या गाडीतून सांगते: दोन रुपयांची तीन नाणी, फुटाणे, केसांची पिन, टोलची पावती चुरगळून, आणि देवळातला खडीसाखरेचा एक तुकडा, जो विरघळून सगळीकडे चिकट झाला होता. शेजारच्या खळग्यात चहाचा कप ठेवायची सवय असेल तर तो कधीतरी सांडलेला असणारच. साखरेच्या पाण्याने स्विचचं बटण चिकटतं, दांडा वर गेला तरी बटण आत राहतं किंवा बाहेरच अडकतं. नवीन सीट कव्हर किंवा आर्मरेस्ट बसवून घेतल्यावर दिवा सुरू झाला असेल, तर त्यानेच दांडा अडतोय का बघा.

स्विच म्हणजे दांड्याच्या मुळाशी बसवलेलं छोटं बटण, एका वायरीचं. दांडा खाली आला की त्याची पट्टी बटण दाबते आणि सर्किट तुटतं. दांडा वर गेला की बटण मोकळं होतं, वायर बॉडीला अर्थ होते आणि दिवा लागतो. म्हणून स्विचची पट्टी किंचित वाकली तरी दांडा खाली असताना बटण पूर्ण दबत नाही. दांड्याभोवतालचं प्लॅस्टिक बहुधा दोन-तीन स्क्रूंनी किंवा नुसत्या खटक्यांनी बसवलेलं असतं. ते काढताना जोर लावू नका, उन्हात तापलेलं जुनं प्लॅस्टिक तडकतं. बटण बोटाने दाबून धरा. दिवा विझला? मग पट्टी हळूच वाकवून किंवा स्विचचा बोल्ट ढिला करून तो जरा सरकवून काम होतं. चिकट असेल तर कपलर काढून टूथब्रशने आणि इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा.

६. कपलर काढून बघणं

अजून कळत नसेल तर हा सरळ मार्ग. चाकांना विटा लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये. हँडब्रेक खाली. किल्ली ऑन, इंजिन बंद. दिवा पेटलेला असेल.

ब्रेक ऑइलच्या टाकीवरचा कपलर त्याची जिभली दाबून काढा. दिवा विझला तर दोष टाकीच्या बाजूला. ऑइल पुरेसं असूनही विझला, तर तरंगता गोळा गाळात अडकलाय किंवा स्विच गेलाय. ज्या गाड्यांत हा गोळा टोपणालाच लोंबत असतो तिथे फक्त टोपण बदलून चालतं. जिथे टाकीच्या पोटात बसवलेला असतो तिथे बहुधा टाकीच बदलावी लागते.

विझला नाही, तर कपलर परत बसवा आणि हँडब्रेकच्या स्विचची वायर काढा. आता विझला तर स्विच. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक स्विचच्या पिनला, दुसरं गाडीच्या उघड्या धातूला लावा: दांडा वर असताना बीप, खाली असताना गप्प, असं व्हायला हवं. स्विच स्वस्त असतो. केबलचा खर्च करण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी मला कोणी सांगितली असती तर त्या अठराशे रुपयांत एक चांगली स्टेपनी घेताना हातभार लागला असता.

एक सूचना. काही नव्या गाड्यांत कपलर काढला की कॉम्प्युटर त्यालाच बिघाड समजतो आणि दिवा उलट चालूच राहतो, वर एखादा कोड साठवतो. गाडी वॉरंटीत असेल तर ही पायरी सोडून द्या.

७. दोन्ही काढूनही दिवा चालूच

मग वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय, किंवा एबीएसच्या कॉम्प्युटरचं काम आहे. पिवळा एबीएस दिवाही सोबत असेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय अंदाज बांधू नका. एकटा लाल असेल तर उंदीर. विनोद नाही. पावसाळ्यात गाडी आठ दिवस उभी राहिली की ते इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरीचं प्लॅस्टिक कुरतडतात. बॉनेटखाली लेंड्या किंवा कापसाचा, कागदाचा चुरा दिसला तर तिथूनच शोध सुरू करा. वायरमन हुशार हवा. साध्या मेकॅनिकपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

हँडब्रेक आवळून दिवा विझत नाही

"दांडा फार वर येतोय, आवळून देतो" असं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात. दांडा किती खटक्यांवर धरायला हवा ते मॅन्युअलमध्ये असतं. तो आकडा ओलांडला असेल तर आवळणं योग्य, पण ते वेगळं दुखणं आहे, दिव्याचं औषध नाही. आधी मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) तपासायचे, मग केबल. उलटं केलं तर झिजलेले लायनर तसेच राहतात आणि केबल ताणली जाते.

जास्त आवळलं तर दांडा खाली असतानाही ब्रेक जरासा लागलेलाच राहतो. गाडी ओढल्यासारखी चालते, ॲव्हरेज पडतं, थोड्या वेळाने मागून जळका वास येतो. थांबून मागच्या चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एका चाकातून भट्टीसारखी धग येत असेल तर तेच. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, गाडी सावलीत उभी करून थंड होऊ द्या. दिवा चालू आणि असा वास येतोय, म्हणजे कदाचित हँडब्रेक एक खटका वरच राहिलाय आणि दिवा अगदी खरं बोलतोय.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवूच नका. ओले लायनर गंजून ड्रमला चिकटतात. सपाट जागा, पहिला गिअर, चाकाला वीट.

बटणाचा हँडब्रेक असेल तर

दांड्याऐवजी बटण असलेल्या गाड्यांत वरचं बरंचसं लागू नाही. तिथे मोटर ब्रेक धरते. ऑइल आणि पेडल बघणं तेवढं तुमच्या हातात. बॅटरी कमजोर झाली तरी या यंत्रणेत चूक दिसू शकते, म्हणून आधी बॅटरी तपासा. मागचे पॅड बदलतानाही मोटर स्कॅनरने मागे घ्यावी लागते. ज्याच्याकडे तो नाही अशा गॅरेजला हात लावू देऊ नका.

८. गॅरेजला जाताना

सोबत आरसी, विम्याची पॉलिसी, वॉरंटी चालू असेल तर तिचा कागद, आणि आधीची सगळी बिलं घ्या. बिलं वाचूनही घ्या. "टॉपअप" हा शब्द कुठे आहे का शोधा, तारीख आणि किलोमीटर बघा.

मेकॅनिकला "हँडब्रेकचा दिवा लागलाय" असं म्हणू नका. तसं म्हटलंत की काम हँडब्रेकपासूनच सुरू होतं. त्याऐवजी सांगा: "ब्रेकचा लाल दिवा वळणावर लागतो, ऑइल मिनला आहे, गेल्या महिन्यात मॅक्सला होतं, पेडल कडक आहे." एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस बोलण्याचा सूर बदलतो, हा अनुभव आहे. बाईमाणूस गाडी घेऊन आली की दोन पार्ट जास्त सांगायचे, ही सवयही जरा कमी होते.

काय बदललं ते जुने पार्ट परत मागा. डावा चाक सिलिंडर बदलला तर उजवाही तेवढाच जुना आहे हे लक्षात ठेवा. मी दोन्ही बदलून घेतले. ऑइलने भिजलेले लायनर धुऊन परत लावू देऊ नका. ते पकड धरत नाहीत, गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवताना दिसले तर जरा लांब उभे राहा.

९. गाडी ताब्यात घेताना

काही ठिकाणी दिवा "दुरुस्त" करतात म्हणजे टाकीवरचा कपलर काढून बाजूला खोचून ठेवतात. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश. पुढे ऑइल संपेपर्यंत काही कळत नाही. म्हणून तिथेच उभं राहून बघा.

किल्ली ऑन करा. हँडब्रेक वर: दिवा लागला पाहिजे. खाली: विझला पाहिजे. मग बॉनेट उघडून टाकीवरचा कपलर जागेवर आहे का बघा. टोपणाला गोळा लोंबणारा प्रकार असेल तर टोपण साफ करून सावकाश उचला. गोळा खाली पडला की हँडब्रेक खाली असूनही दिवा लागायला हवा. लागला नाही तर वायर तोडलेली आहे किंवा दिवाच काढलाय. सेकंडहँड गाडी घेताना ही चाचणी मी आता सौदा ठरण्याआधी करते. विकणारा बाजूला उभा राहून बघत असतो, त्याचा चेहराही बघण्यासारखा होतो.

मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दोन-चारदा ब्रेक मारून बघा, पेडल दर वेळी त्याच उंचीवर धरतंय का. चढावर हँडब्रेक एकट्याने गाडी धरतोय का, तेही बघा, मात्र पाय ब्रेकवर तयार ठेवून.

घरी आल्यावर टाकीवर ऑइलची आजची पातळी मार्करने खूण करून तारीख लिहा. पहिला महिना दर रविवारी एकदा बघा. माझ्या टाकीवर अशी रेघ आहे, आणि ऑइल अजून तिथेच आहे.